शंभरची रेषा

संगणकावर आलेख काढणे आता अवघड राहिलेले नाही. पण आलेखावर आपल्याला हवी ती रेषा काढताना चूक झाली, तर काय होते? लातूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेतील नववीच्या विद्यार्थिनीने या पाठात आपला अनुभव सांगितला आहे.

2016 साली मी पाच वर्षांची होते. त्या उन्हाळ्यातले मला फारसे काही आठवत नाही. एक निळा ड्रम तेवढा आठवतो. तो आमच्या दाराजवळ असायचा आणि बहुतेक वेळा रिकामा असायचा. आपा तेव्हा बारा वर्षांची होती. तिला मात्र सगळे आठवते. 'तू ड्रमला टेकून रडायचीस आणि मी घागर घेऊन रांगेत उभी राहायचे,' असे ती अजूनही म्हणते.

त्या वर्षी लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ लागली. शेवटी मार्च महिन्यात टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लागू करावी लागली. पाण्यासाठी जमावबंदी! मग 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. तिला दहा वाघिणी होत्या. त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून ते पाणी आमच्या गावात आले. अब्बा ती गाडी बघायला मुद्दाम स्टेशनवर गेले होते.

जानेवारी 2025 मध्ये आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरणार होते. आमच्या गटात आम्ही तिघी मैत्रिणी होतो. सरांनी आम्हांला 'पाऊस' हा विषय दिला. मी लगेच ठरवले की लातूरला रेल्वेने पाणी का आणावे लागले, हे आपण आलेखातून दाखवायचे.

सरांनी आम्हांला आकडे मिळवून दिले. भारताचे हवामान खाते 1875 साली सुरू झाले. देशात दर पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, किती पाऊस पडला हे ते खाते सांगते. पण नुसते सेंटीमीटर सांगून आपल्याला फारसे कळत नाही. म्हणून खात्याने पन्नास वर्षांच्या पावसाची सरासरी काढली आहे. तिला 'दीर्घकालीन सरासरी' म्हणतात. 1971 ते 2020 या वर्षांची ही सरासरी सुमारे 87 सेंटीमीटर आहे. एखाद्या वर्षी बरोबर सरासरीइतका पाऊस पडला, तर त्या वर्षाचा पाऊस 100 टक्के झाला असे म्हणायचे.

आमच्याजवळ 2014 ते 2024 या अकरा वर्षांचे आकडे होते. 2014 ला 88 टक्के, 2015 ला 86, 2016 ला 97, 2017 ला 95, 2018 ला 91, 2019 ला 110, 2020 ला 109, 2021 ला 99, 2022 ला 106, 2023 ला 94 आणि 2024 ला 108. हे आकडे लातूरचे नव्हेत, साऱ्या देशाचे आहेत. त्या वेळी या गोष्टीकडे मी फारसे लक्ष दिले नाही.

शाळेच्या संगणकावर आम्ही एक्सेलमध्ये हे आकडे भरले. पहिल्या उभ्या रकान्यात वर्षे, दुसऱ्यात टक्के. दोन्ही रकान्यांना शीर्षके दिली. मग सगळे निवडले आणि 'इन्सर्ट'मध्ये जाऊन स्तंभालेख मागितला. पडद्यावर अकरा उंचच उंच मनोरे उभे राहिले. प्रत्येकाच्या शेजारी मुंगीएवढा एक छोटा स्तंभ होता. आम्हांला काही समजेना. सरांनी चष्मा वर केला आणि ते हसले. म्हणाले, 'अगं, संगणकाला काय ठाऊक की 2014 हे साल आहे? त्याने तो आकडा समजला आणि त्याचाही स्तंभ काढला!' त्यांनी वर्षांच्या रकान्याचे शीर्षक पुसून तो चौकोन रिकामा ठेवायला सांगितले. पुन्हा आलेख मागितल्यावर वर्षे निमूटपणे खाली आडव्या अक्षावर जाऊन बसली.

आता अकरा निळे स्तंभ दिसत होते. पण त्यांतून काहीच कळत नव्हते. उभा अक्ष शून्यापासून 120 पर्यंत होता आणि सगळे स्तंभ जवळजवळ सारखेच वाटत होते. आम्ही प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर त्याचा आकडा लिहून घेतला, तरी चित्र मुकेच राहिले.

सर म्हणाले, 'तुम्ही म्हणता की पाऊस कमी झाला. कशापेक्षा कमी?'

'सरासरीपेक्षा,' मी म्हणाले.

'मग ती सरासरी आलेखात कुठे आहे? 100 ची एक रेषा काढा. म्हणजे कोणते वर्ष रेषेच्या वर आहे आणि कोणते खाली, ते चटकन दिसेल.'

एवढे सांगून सर दुसऱ्या गटाकडे गेले. रेषा कशी काढायची, हे आम्ही विचारले नाही. त्यात विचारण्यासारखे काय आहे, असे वाटले. 'इन्सर्ट'मध्ये 'शेप्स' असतात. तिथे चौकोन, वर्तुळे, बाण मिळतात आणि सरळ रेषाही मिळते. मी ती घेतली, 100 च्या खुणेवर बरोबर ठेवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. तिला लाल रंग दिला. रेषा छान दिसत होती. 2014 आणि 2015 चे स्तंभ तिच्या खाली होते. 2019 आणि 2020 चे वर होते. आलेख बोलू लागला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एक मैत्रीण म्हणाली, 'स्तंभांमधला फरक फारच थोडा दिसतो. अक्ष शून्याऐवजी 80 पासून सुरू करूया का?' आम्ही अक्षावर माऊसचे उजवे बटण दाबले, सर्वांत लहान आकडा 80 केला, आणि खरोखरच फरक मोठा दिसू लागला. शाळा बंद व्हायची वेळ झाली होती. शिपाईकाका किल्ल्या वाजवत दारात उभे होते. आम्ही घाईघाईने छापून घेतले आणि कागद तक्त्यावर चिकटवला. अकराच्या अकरा स्तंभ लाल रेषेच्या खाली होते. ते आम्हा तिघींनाही दिसले. पण मनात दुष्काळाचीच गोष्ट होती, म्हणून ते चित्र आम्हांला खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी पुष्कळ लोक आले. त्यांत एक वृद्ध शेतकरी होते. नातवाचे प्रदर्शन पाहायला आले असावेत. आमच्या तक्त्यासमोर ते बराच वेळ थांबले. मी त्यांना सांगितले, 'आजोबा, ही लाल रेषा म्हणजे सरासरी पाऊस.' त्यांनी बोट रेषेवरून सावकाश फिरवले. मग म्हणाले, 'म्हणजे अकरा वर्षांत एकदाही पुरता पाऊस झाला नाही म्हण की पोरी!' मी मान हलवली. तेही मान हलवत पुढे गेले.

थोड्या वेळाने पाचवीतली एक मुलगी आली. तिने आलेखावरचे आकडे मोठ्याने वाचले आणि मला विचारले, 'बाजी, 110 हे 100 पेक्षा मोठे असतात ना? मग ते 100 च्या खाली का?'

मी आलेखाकडे पाहिले. माझ्या हातापायांतले बळच गेले. मी त्या आजोबांना शोधायला दारापर्यंत धावले, पण ते निघून गेले होते. रस्त्यावरही दिसले नाहीत.

मी तक्ता उलटा करून ठेवला. सर रागावले नाहीत. 'चूक कुठे झाली ते शोधून काढ. प्रदर्शन उद्याही आहे,' एवढेच म्हणाले.

घरी येऊन मी सगळे आपाला सांगितले. आपा बी.कॉम.ला आहे आणि तिच्याजवळ एक जुना लॅपटॉप आहे. तिने फाईल उघडली, अक्ष पुन्हा शून्यापासून सुरू केला, आणि लाल रेषा आपोआप 100 वर आली. मग तिने अक्ष 80 पासून केला. सगळे स्तंभ हलले, आकडे हलले. रेषा मात्र जिथल्या तिथेच राहिली.

'पाहिलेस? तू आलेखात रेषा काढलीच नाहीस,' आपा म्हणाली. 'तू आलेखावर एक काडी ठेवलीस. काडीला 100 म्हणजे काय ते कसे कळणार?'

मग तिने मला हिशोब करायला लावला. आधी अक्ष शून्य ते 120 होता. तेव्हा 100 ची जागा आलेखाच्या उंचीच्या सहा भागांपैकी पाच भागांवर होती. नंतर अक्ष 80 ते 120 झाला. त्यात एकूण 40 चे अंतर. त्याचे सहा भागांपैकी पाच भाग म्हणजे सुमारे 33. 80 मध्ये 33 मिळवले की 113. म्हणजे आमची लाल काडी 100 वर नव्हे, 113 वर होती! सर्वांत जास्त पावसाचे वर्ष 110 चे. मग सगळीच वर्षे रेषेच्या खाली दिसणार, यात नवल काय?

आपाने ती काडी पुसून टाकली. 'आता रेषा आकड्यांतून काढू,' ती म्हणाली.

तिने तिसरा रकाना घेतला. त्याला 'दीर्घकालीन सरासरी' असे शीर्षक दिले. पहिल्या वर्षासमोर 100 लिहिले. त्या चौकोनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसा ठिपका असतो. तो धरून तिने खाली ओढला. अकरा वर्षांसमोर अकरा वेळा 100 आले. मग तिन्ही रकाने निवडून पुन्हा स्तंभालेख मागितला. आता प्रत्येक वर्षाला दोन स्तंभ आले. एक पावसाचा निळा, दुसरा शंभरचा नारिंगी. सगळे नारिंगी स्तंभ अर्थातच सारख्या उंचीचे होते.

'आपा, मला रेषा हवी आहे, स्तंभ नकोत,' मी म्हणाले.

'जरा धीर धर.' तिने एका नारिंगी स्तंभावर उजवे बटण दाबले आणि 'चेंज सीरीज चार्ट टाइप' निवडले. शंभरच्या मालिकेपुढे 'लाइन' असे केले. त्याबरोबर नारिंगी स्तंभ नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी एक सरळ आडवी रेषा आली. तिने रेषेला लाल रंग दिला. (आमच्या शाळेतल्या काही संगणकांवर लिब्रे ऑफिस आहे. त्यात आलेखाचा प्रकार निवडतानाच 'कॉलम अँड लाइन' घ्यावे लागते, हे मी दुसऱ्या दिवशी शिकले.)

मग आपाने परीक्षा घेतली. अक्ष 80 पासून केला. रेषा खाली सरकली, पण 100 वरच राहिली. अक्ष 50 पासून केला, तरी रेषा 100 वरच. आता ती काडी नव्हती. स्तंभांसारखीच तीही आकड्यांची होती. अक्ष बदलला की सगळी मिळून हलत होती.

शेवटी आपाने अक्ष पुन्हा शून्यावर आणला. मी विचारले, 'आता तर रेषा चुकत नाही. मग 80 का नको? फरक मोठा दिसतो.'

'फरक मोठा दिसतो हीच तर अडचण आहे. 80 पासून मोजले तर 2015 चा स्तंभ 6 उंच आणि 2019 चा 30 उंच. पाचपट! 2019 ला पाऊस काय पाचपट पडला होता?'

मी गप्प बसले. आपाने आणखी एक युक्ती सांगितली. प्रत्येक आकड्यातून 100 वजा करायचे. मग 2015 चा स्तंभ शून्याच्या खाली 14 आणि 2019 चा वर 10 असा येतो. तेव्हा वेगळी रेषा काढावीच लागत नाही, शून्याचा अक्षच रेषेचे काम करतो. युक्ती चांगली होती, पण मला शंभरची रेषाच हवी होती. सरांनी ती सांगितली होती आणि आजोबांनी तिच्यावरून बोट फिरवले होते.

आता मला जोर चढला. मी म्हणाले, 'या अकरा वर्षांची स्वतःची सरासरी काढून तिचीही एक रेषा दाखवू.' चौथ्या रकान्यात मी बरोबरचे चिन्ह लिहून सरासरीचे सूत्र दिले, कंसात दुसऱ्या रकान्यातल्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे चौकोन दिले आणि कोपरा धरून खाली ओढला. रेषा आली. पण ती सपाट नव्हती! डावीकडे 98 च्या जवळ सुरू होऊन ती हेलकावे खात उजवीकडे 108 पर्यंत चढली होती.

'आपा, देशाचा सरासरी पाऊस वाढत चालला आहे!' मी ओरडले.

आपा इतकी हसली की अम्मी स्वयंपाकघरातून बघायला आली. आपाने शेवटच्या चौकोनावर टिचकी मारून मला सूत्र वाचायला लावले. सूत्र खाली ओढताना त्यातले चौकोनही एकेक घर खाली सरकले होते. दुसऱ्या ओळीतली सरासरी दहाच वर्षांची होती, तिसऱ्या ओळीतली नऊ वर्षांची. शेवटच्या ओळीत तर एकट्या 2024 ची 'सरासरी' निघाली होती, म्हणून 108! चौकोनांच्या आकड्यांआधी डॉलरचे चिन्ह दिले की ते जागचे हलत नाहीत. तसे केल्यावर सगळीकडे 98.45 आले आणि रेषा सपाट झाली. एका दिवसात माझ्या हातून देशात आधी अकरा वर्षांचा दुष्काळ पडला होता आणि मग पाऊस वाढू लागला होता. आकाशाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

ही 98.45 ची रेषा मी ठेवली नाही. त्याचे कारण सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी समजावून सांगितले. अकरा वर्षांची सरासरी त्याच अकरा वर्षांतून निघते. त्यामुळे काही स्तंभ तिच्या वर आणि काही खाली असणारच. अकराही वर्षे कोरडी गेली असती तरी ती रेषा त्यांच्या मधूनच गेली असती. मग ती वर्षे कोरडी होती की ओली, हे तिच्यावरून कसे कळणार? दीर्घकालीन सरासरी मात्र पन्नास वर्षांच्या पावसातून येते.

'पण तीही दगडावरची रेघ नव्हे,' सर म्हणाले. पूर्वी हवामान खाते 1951 ते 2000 या वर्षांची सरासरी धरत असे. ती 89 सेंटीमीटर होती. पुढे 1961 ते 2010 ची धरू लागले. ती 88 झाली. 2022 पासून 87 धरतात. 2022 साली देशात साडेब्याण्णव सेंटीमीटर पाऊस पडला. 87 शी तुलना केली तर तो 106 टक्के होतो. 89 शी केली असती तर 104 टक्केच झाला असता. खात्याच्या नियमाप्रमाणे 96 ते 104 टक्के म्हणजे सामान्य पाऊस. पाऊस तोच, पण एका रेषेने तो सामान्य आणि दुसऱ्या रेषेने सामान्याहून जास्त!

90 टक्क्यांहून कमी पाऊस झाला, तर खाते त्याला तुटीचा पाऊस म्हणते. म्हणून मी 90 चीही एक रेषा काढली. आता रीत माहीत होती. नवा रकाना, अकरा वेळा 90, मग स्तंभाची रेषा. तिला तुटक करून राखाडी रंग दिला. तिच्या खाली फक्त दोन स्तंभ राहिले, 2014 आणि 2015. 2018 चा स्तंभ 91 चा. तो थोडक्यात वाचला होता.

'म्हणजे 2018 ला दुष्काळ नव्हता,' मी म्हणाले.

सर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, '31 ऑक्टोबर 2018 रोजी महाराष्ट्र सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या तालुक्यांतल्या लोकांना जाऊन सांगशील का, की तुमचा स्तंभ रेषेच्या वर आहे?'

तेव्हा मला ती गोष्ट कळली, जिच्याकडे मी आधी लक्ष दिले नव्हते. आकडे देशाचे, रेषा देशाची. कुठे पूर येतो आणि कुठे विहीर आटते, दोन्ही मिळून एकच स्तंभ होतो. लातूरचे सांगायचे तर लातूरचे आकडे हवेत आणि लातूरच्या सरासरीची रेषा हवी. शिवाय धरण कोरडे पडण्याचे पाऊस हे एक कारण झाले. पाणी कुठे आणि किती वापरले गेले, ऊस किती लावला, हेही पाहायला हवे. ते माझ्या आलेखात नव्हतेच. सरांच्या सांगण्यावरून मी आलेखाखाली मोठ्या अक्षरांत लिहिले : 'हे आकडे संपूर्ण भारताचे आहेत. लातूर जिल्ह्याचे नाहीत.'

आता एकच रेषा राहिली होती, आणि ती माझ्या मनातली होती. मला पाण्याच्या रेल्वेची उभी रेषा हवी होती. ती कशी काढायची हे आपालाही नीट येत नव्हते. मधल्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन शाळेत आली. तिने, मी आणि सरांनी मिळून ते जमवले.

आडव्या अक्षावर पहिला स्तंभ 2014 चा, म्हणून त्याचा क्रमांक 1. 2015 चा 2 आणि 2016 चा 3. रेल्वे आली एप्रिलमध्ये. तेव्हा 2015 चा पावसाळा संपला होता आणि 2016 चा सुरू व्हायचा होता. म्हणजे तिची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभांच्या बरोबर मध्ये, अडीचवर! आम्ही बाजूला दोन बिंदू लिहिले. दोन्हींचे आडवे अंतर अडीच. उंची एकाची शून्य, दुसऱ्याची 120. ही नवी मालिका आलेखात घातली आणि तिचा प्रकार 'स्कॅटर' केला, तोही बिंदू रेषेने जोडणारा. पहिल्यांदा ती भलतीकडेच गेली, कारण एक्सेलने तिला दुसरा, वेगळा अक्ष दिला होता. 'सेकंडरी ॲक्सिस'ची खूण काढल्यावर ती जागेवर आली. दोन ठेंगण्या स्तंभांनंतर एक उभी हिरवी रेषा. तिच्या टोकाशी आम्ही लिहिले : 'लातूरला रेल्वेने पाणी, एप्रिल 2016.'

दुपारी नवा कागद तक्त्यावर लागला. पाचवीतली ती मुलगी पुन्हा आली. तिने एकेक आकडा रेषेशी ताडून पाहिला आणि काही न बोलता निघून गेली. आजोबा मात्र आले नाहीत. माझी नजर दिवसभर दाराकडे होती.

संध्याकाळी अब्बा आले. त्यांनी चष्मा लावला आणि आलेख वाचायला सुरुवात केली. उर्दूच्या सवयीने उजवीकडून! '108, मग 94, मग 106... आणि शेवटी 86, 88. पाऊस कमी होत होत संपलाच की!' असे ते म्हणाले. आपाने त्यांचा हात धरून डावीकडे नेला. 'अब्बा, इथून वाचा. हे 2014.' अब्बा हसले आणि पहिल्यापासून पाहू लागले. दुसऱ्या स्तंभानंतर त्यांचे बोट थांबले. तिथे लिहिलेले त्यांनी अजून वाचले नव्हते.

'ही हिरवी रेषा कसली?' त्यांनी विचारले.

'ही रेल्वे, अब्बा,' आपा म्हणाली.

शब्दार्थ

वाघीण – मालगाडीचा डबा
जमावबंदी – लोकांनी एकत्र जमण्यास मनाई
स्तंभालेख – उभ्या पट्ट्यांनी आकडे दाखवणारा आलेख
अक्ष – आलेखातील मोजमापाची आडवी किंवा उभी रेषा
रकाना – तक्त्यातील उभा भाग
तूट – कमतरता
ठेंगणा – कमी उंचीचा
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे

स्वाध्याय

1. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वर्षांचे उंच मनोरे आलेखात का आले?
(आ) आपाने लाल रेषेला 'काडी' का म्हटले?
(इ) लेखिकेने 98.45 ची रेषा का ठेवली नाही?

2. पाचवीतल्या मुलीचा प्रश्न आणि तो ऐकून लेखिकेची झालेली अवस्था तुमच्या शब्दांत लिहा.

3. 'मग ती सरासरी आलेखात कुठे आहे?' हे वाक्य कोणी, कोणाला व केव्हा म्हटले?

4. वाक्यांत उपयोग करा : निमूटपणे, जिथल्या तिथे, जोर चढणे, थोडक्यात वाचणे.

5. करून पाहा : तुमच्या वर्गातील गेल्या दहा दिवसांची हजेरी संगणकात भरा. वर्गाच्या पटसंख्येची एक आडवी रेषा आकड्यांतून काढा. मग उभा अक्ष बदलून ती रेषा जागेवर राहते का ते पाहा.